आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) स्लोला बंद पडत होतं, शेवटी जमलं

पावसाळाभर होडी शाकारलेली, नारळी पौर्णिमेनंतर खाडीत उतरवली तर टू-स्ट्रोक इंजिन फुल रेसला झकास पण स्लोला आलं की भकभक, थरथर आणि गिअर टाकला की बंद. प्लग बदलले, पेट्रोल-ऑइल ताजं ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) भरलं, फरक शून्य, दोन रविवार वाया.

घाण स्लो जेटमध्ये होती, म्हणजे कार्बोरेटरमधल्या स्लोला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात. आधी मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत घेत फेरे मोजले (माझा दीड), मग कार्बोरेटर उतरवून फ्लोटची वाटी (खाली पेट्रोल साठतं ती) खोलली, तळाशी हिरवट चिकट थर. जेटमध्ये क्लीनर मारून उलट बाजूने हवा दिली, तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. परत बसवून स्क्रू दीड फेरा बाहेर, होडी धक्क्याला बांधून इंजिन गरम केलं आणि गिअरमध्येच स्क्रू थोडा थोडा फिरवत सेट केला.