सोलापुरी शेंगाचटणी घरी कशी कुटावी

झणझणीत खाण्याची ओढ अलीकडे इतकी वाढली आहे की, किराणा दुकानांत तिखट वेफर्स आणि मसाला शेंगदाण्यांच्या माळाच लटकलेल्या दिसतात. सोलापूरकरांची ही हौस मात्र शेंगाचटणी फार पूर्वीपासून भागवत आली आहे, आणि आता तिला बाहेरगावाहूनही मागणी येते. मागणी वाढली तशी नुसत्या लाल रंगाची, कोरडी भुकटीही चटणी म्हणून विकली जाऊ लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ही रीत सविस्तर देत आहे.

पाव किलो शेंगदाणे, लसणाच्या 15 ते 20 पाकळ्या, दीड मोठा चमचा लाल तिखट, एक लहान चमचा जिरे आणि चवीपुरते मीठ एवढेच साहित्य लागते. तिखट निवडताना ब्याडगी मिरचीचे दोन भाग आणि एखाद्या जहाल मिरचीचा एक भाग घ्यावा, कारण ब्याडगी रंग देते, पण तिचा तिखटपणा सौम्य असतो.

शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, सालीवर तपकिरी ठिपके येऊन ती सुटू लागेपर्यंत भाजावेत. आच मोठी केल्यास ते बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर साले चोळून पाखडून टाकावीत.

यापुढचे काम उखळाचे. आधी लसूण, जिरे व मीठ एकत्र ठेचावे, मग तिखट आणि थोडे थोडे शेंगदाणे घालून कुटत राहावे. प्रारंभी सगळे कोरडे, भुरभुरीत दिसते. पण घाव पडत राहिले की दाण्यांतले तेल सुटते, मुसळाला तांबूस ओल चढते आणि चटणी मुठीत दाबल्यावर तिचा मुटका वळतो. तेथेच थांबावे. वरून तेल घालण्याची गरज नसते. मिक्सर सलग फिरवल्यास दाण्यांचा चिकट गोळा होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. उखळ नसेल तर मिक्सर क्षणभर चालू करून लगेच बंद करावा आणि असे अनेकदा करावे.

लसणात ओलावा असल्याने चटणी कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी, कोरड्याच चमच्याने काढावी आणि खवट वास येताच टाकून द्यावी.

ज्वारीच्या कडक भाकरीच्या तुकड्यावर चटणी व घट्ट दही घेऊन खावे. मिरचीचा दाह कॅप्सेसिन या द्रव्यामुळे होतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे तोंड भाजल्यास पाण्याऐवजी सायीचे दही घ्यावे, आणि लहान मुलांना देण्यासाठी तिखट न घालता थोडी चटणी वेगळी कुटावी.