डोंगरातल्या तळ्यापर्यंत एका दिवसाचा ट्रेक: या चुका टाळा

सपाटीवर पाच किलोमीटर म्हणजे तासाभराची चाल. डोंगरातलं तळं ‘पाचच किलोमीटरवर’ आहे असं कळलं की डोकं तोच हिशेब लावतं, आणि दिवसाचं गणित तिथेच बिघडतं. उशिरा निघणं, पाणी संपणं, अंधारात उतरणं या बहुतेक फजित्यांचं मूळ शोधत गेलं तर ते याच हिशेबात सापडतं.

अंतर मोजलं, चढ मोजलाच नाही

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तळं ५ किलोमीटरवर आणि ६०० मीटर उंच असेल तर नुसतं वर जायला २ तास. हा ठोकताळा सराव असलेल्या माणसासाठी आहे आणि त्यात थांबे धरलेले नाहीत. नवखे, मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर दीडपट धरा, म्हणजे ३ तास, आणि वर अर्धा तास थांब्यांचा. सकाळी ८ ला निघालात तर तळ्यावर साडेअकरा. तिथे पाऊण तास बसलात, उतरायला सव्वादोन तास लागले, तर खाली अडीच वाजता. उतार झटपट होतो हा समज घसाऱ्यावर पाय ठेवला की मोडतो. सुट्या दगडांच्या तीव्र उतारावर कित्येकांना चढाइतकाच वेळ लागतो.

या हिशेबातून मागे फिरायची वेळ ठरवा आणि ती निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगा. वरच्या उदाहरणात दुपारी १ ही रास्त वेळ. १ वाजता तळं दिसत नसेल तरी मागे फिरायचं. सूर्यास्ताआधी दोन तास हाताशी राहायला हवेत, कारण मुरगळलेला पाय घेऊन उतरायला दुप्पट वेळ सहज लागतो.

‘तो काय, वर पोचलोच’

उंच पर्वतांतली बरीच छोटी तळी हिमनदीने कोरलेल्या वाडग्यासारख्या खळग्यात असतात. वाडग्याच्या काठाआड पाणी लपलेलं असतं, त्यामुळे अगदी कडेला पोचेपर्यंत तळं दिसतच नाही. शेवटचा टप्पा सर्वांत खडा, आणि त्यात एक उंचवटा चढून जावं तर समोर दुसरा उभा. इथे दोन चुका होतात. एक, समोर कड दिसते म्हणून धावत सुटणं आणि दमछाक करून घेणं. दोन, पायवाटेची वळणं टाळून सरळ वर चढणं. त्या सरळ चढावर दगड सुटे असतात आणि एकाचा पाय घसरला की दगड मागच्याच्या डोक्यावर येतो. असा भाग आलाच तर एकामागोमाग एका रेषेत चढू नका, आणि दगड सुटला तर लगेच मोठ्याने ओरडा.

नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना खेटून आल्या की तिथे चढ खडा आहे हे आदल्या रात्रीच कळतं. तळ्याच्या जरा खाली अशी दाटी दिसली, तर श्वास तिथल्यासाठी राखून ठेवा.

पाय

नवे बूट घालून थेट ट्रेकला जाणं ही जुनी चूक, सगळ्यांना माहीत असलेली आणि तरीही होणारी. पण पाय बहुधा बुटामुळे नव्हे, थांबण्याच्या आळसामुळे खराब होतात. टाचेला चटका लागतो तेव्हा फोड आलेला नसतो. अजून १०–१५ मिनिटं तसंच चाललं की तो येतो. चटका जाणवताच थांबा, बूट-मोजे काढा, घाम पुसा, मोज्यातली वाळू झटका. चिकटपट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा मोज्यात अडकून सुटतो, आणि पट्टी सुरकुती न पडू देता लावा. पाच मिनिटांचं काम.

उतरण्याआधी लेस पुन्हा बांधा. आधी टाच बुटाच्या मागच्या बाजूला आपटून बसवा, घोट्याजवळ घट्ट आवळा, बोटांवर सैल ठेवा. हे न केल्यास पाय पुढे सरकत राहतो, बोटं टोकाला आदळतात आणि दुसऱ्या दिवशी नखं काळीनिळी दिसतात. नखं दोन दिवस आधी कापलेली बरी.

पाणी: कमी नेणं आणि तळ्यावर विसंबणं

मध्यम चढाला तासाला सुमारे अर्धा लिटर धरा, म्हणजे पाच-सहा तासांच्या दिवसाला अडीच ते तीन लिटर. उन्हात त्याहून जास्त. ‘वर तळं आहेच की’ म्हणून एकच बाटली नेणारे मात्र फसतात. नितळ पाणी शुद्ध असतंच असं नाही. वर जनावरं चरतात, माणसं येतात. जिआर्डियासारख्या परजीवीचा त्रास बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होतो, त्यामुळे तो त्या घोटामुळे झाला हे लक्षातही येत नाही. खळखळ उकळी येऊ द्या आणि १ मिनिट तशीच ठेवा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ लागतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो. बाहेरून तो ठीकच दिसतो, म्हणून थंडीत तो खिशात ठेवा.

घामावर वारा

उंचीबरोबर हवा दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. ६०० मीटरचा फरक चारेक अंशांचाच, पण घामाने भिजलेल्या सुती शर्टावर तळ्याकाठचा वारा लागला की दहा मिनिटांत दातखीळ बसते. थंडी वाजायची वाट पाहू नका. पोचल्याबरोबर ओला शर्ट बदला, वर विंडचीटर चढवा आणि मग डबा उघडा. चढताना उलट करा: निघताना जरासं थंड वाटलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच चढाला आतले कपडे ओले होतात.

तळ्यात उडी हा वेगळा विषय. बर्फाच्या पाण्याच्या तळ्यात पडताच पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा चालतो. त्यात तोंड पाण्याखाली गेलं तर उत्तम पोहणारासुद्धा बुडतो. काठाला गुडघाभर असलेलं पाणी दोन पावलांत डोक्यावर जाऊ शकतं. पाय बुडवा, तेवढं पुरे.

तळ्यावरून चुकीच्या बाजूने उतरणं

तळ्याभोवती वाटांचं जाळं असतं: गुरांच्या, फोटोसाठी फिरणाऱ्यांच्या, काही नुसत्या पाण्याच्या. फिरून आल्यावर सगळे काठ सारखेच दिसतात, धुक्यात तर विचारूच नका. म्हणून पोचल्यावर बसण्याआधी मागे वळा. वाट कुठून वर आली ती जागा, जवळचा मोठा कातळ, दगडांची लगोर असेल तर ती, सगळं नीट पाहून एक फोटो घ्या.

वाट हरवलीच तर ‘ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं’ हा सल्ला इथे घातक. तळ्यातून निघालेला ओढा काठावरून बहुतेकदा कातळावरून कोसळतो, आणि घळीत उतरलेल्याला पुन्हा वर चढता येत नाही. खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

दुपारी ढग उभे वाढू लागले की तळ्याचा मोह सोडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती धोक्याच्या अंतरात आहे. पाणी, डोंगराची उघडी धार आणि एकटं झाड या तिन्हींपासून दूर व्हा.

शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे ८० पावलं दूर जा. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल हवा. कागद पिशवीत परत न्या.

सॅकमध्ये हेडलॅम्प ठेवा, परत यायची वेळ दुपारची असली तरी. फोनची विजेरी म्हणजे नकाशा आणि मदतीचा फोन एकाच बॅटरीवर टाकणं. नकाशा आधी डाउनलोड करा, चालताना विमान मोड लावा. मदत हवी आणि रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं येतं. ते आलं तरी वाजवणं थांबवू नका, शोधणाऱ्यांना आवाजाच्या दिशेनेच यायचं असतं.

घरच्या कुणाला वाट, परतीची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर मदत बोलाव’ हे लिहून द्या. आणि खाली आल्यावर, चहाच्या आधी, त्यांना फोन करा. हा फोन विसरल्यामुळे शोधपथकं रात्री डोंगर चढली आहेत.