माळ्यावरची लोटस पुन्हा धावली

माळ्यावरच्या खोक्यात लहानपणीची स्लॉट कार सापडली, म्हणजे ट्रॅकच्या खाचेत बसून विजेवर धावणारी खेळण्यातली गाडी. हिरवी लोटस ४९, १:३२ मापाची. खरी लोटस ४९ ही फॉर्म्युला वनची गाडी सन १९६७मध्ये नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला पहिल्यांदा उतरली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकलीही. माझी मात्र ट्रॅकवर ठेवली तर जागची हलेना.

आधी वाटलं, मोटर जळली. तिच्या टोकांना थेट ९ व्होल्टची बॅटरी लावली, तर घुर्रकन फिरली! म्हणजे वीज वाटेतच अडत होती. ट्रॅकच्या धातूच्या पट्ट्यांवरून वीज उचलणाऱ्या गाडीखालच्या तांब्याच्या वेण्या काळ्या पडून चेपल्या होत्या. नव्या घातल्या, टोकं सुईने जरा पिंजली. फार पिंजू नका, गाडीचं नाक वर उचललं जातं आणि गाईड, म्हणजे गाडीखालचा खुंट, खाचेतून निसटतो. हे मला गाडी कपाटाखाली गेल्यावर कळलं.

तरी एका ठरावीक जागी ती दरवेळी दमायची. पट्ट्यांवर गंज होता. सँडपेपर टाळला, कारण ओरखड्यांत गंज पुन्हा धरतो. खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थोडा फरक पडला, पण खरी मेख ट्रॅकच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात होती. तिथल्या धातूच्या सैल जिभा पक्कडीने किंचित दाबल्या आणि काम झालं. मागचे टायर दगड झाले होते, तेही बदलले. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

पहिल्याच फेरीत ठिणग्यांचा आणि तापल्या तेलाचा तो वास आला.

"बाबा, काही जळतंय का?" मुलीने विचारलं.

मी तिच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला.