शार्कचे फोटो धुरकट येतात? लांब लेन्स घरीच ठेवा

कोल्हापुरातल्या हौशी फोटोग्राफरचा हात बसतो तो दाजीपूरच्या गव्यांवर, नाहीतर खासबागच्या कुस्तीवर. दोन्हीकडं आपण लांब उभे. त्यामुळं ७०-२०० किंवा १५०-६०० एमएमची लांबचं जवळ आणणारी लेन्स म्हणजेच खरी लेन्स, हे डोक्यात पक्कं होतं. मग लक्षद्वीप किंवा मालदीवचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न असतो, "शार्कला किती एमएम लागंल?"

जितकी कमी, तितकं बरं. पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात कण असतात आणि ते रंग खातं. लाल रंग तर पहिल्या चार-पाच मीटरमध्येच जवळजवळ संपतो. लांबच्या लेन्सनं शार्क मोठा दिसेल, पण मधलं सगळं पाणीही फोटोत येईल. म्हणून फिशआय (अगदी रुंद दृश्य टिपणारी लेन्स) किंवा फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १६-३५ ची वाइड लेन्स लावायची आणि मासा दीड-दोन मीटरवर येईपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. पाठलाग केलात तर शेपटीचेच फोटो मिळतील.

वाइड लेन्स घेतली आणि हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीला, सपाट काच लावली, की पैसे पाण्यात. सपाट काचेतून वस्तू सुमारे ३३ टक्के मोठी दिसते, म्हणजे वाइडपणा तिथंच गेला. वर कडांना रंग फाटतात. डोम पोर्टच (घुमटासारखी गोल काच) हवा. पण डोममुळं लांबच्या शार्कचीही प्रतिमा काचेपुढं जेमतेम फूटभरावर तयार होते, म्हणून लेन्स जवळ फोकस होणारी लागते. वाइड लेन्सला कोपरे मऊ येतात, तेव्हा एफ/२.८ चा मोह सोडून एफ/८ च्या पुढं राहा. पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त घोळ स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, घालतात. स्ट्रोबचा उजेड जेमतेम दीड मीटर कामाचा; पाच मीटरवरच्या शार्कवर मारला तर फक्त मधले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. स्ट्रोब लेन्सला चिकटून नकोत, ते ज्या दांड्यांवर बसतात त्या पसरून बाजूला न्या आणि तोंड थोडं बाहेर वळवा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ २०० ते ४००, शटर १/१६० च्या आसपास. मागचं निळं पाणी गडद हवं असेल तर शटर वाढवा, पण कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपर्यंतच (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर). ऑटो आयएसओ इथं बंद. स्ट्रोब नसेल तर गणित उलटं: शटर १/२५० किंवा जास्त, ऑटो आयएसओ चालू. व्हेल शार्कसमोर बहुतेक ठिकाणी फ्लॅश चालतच नाही.

शार्कची पाठ काळपट, पोट पांढरं. पाठ बघून स्ट्रोब वाढवला की फोटोत पोट जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं, आणि जळालेलं रॉ फाइलमध्येही परत येत नाही. (जेपेग काढणाऱ्यांना तर निळेपणाही नीट घालवता येत नाही.)

याची तालीम कोल्हापुरातच होते. रंकाळ्यात नको, तिथं हातभर पुढचं दिसत नाही. उन्हाळ्यात एखाद्या नितळ विहिरीत पोरं मुटके मारत असतात. त्यातल्या एकाला पांढरा बनियन घालून मीटरभरावर पोहायला सांगा. बनियनची शिवण फोटोत दिसली तर शार्कचं पोटही सांभाळलं जाईल. नुसता पांढरा ठिपका आला तर पॉवर उतरवा.

कॅमेरा घालण्याआधी हाउसिंग रिकामंच बादलीत बुडवून ठेवा आणि बुडबुडे निघतात का बघा. ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगच्या जोडावरच्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी पाणी शिरतं, म्हणून टॉवेलनं पुसू नका. बोट फिरवून चाचपा आणि सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा. पावसाळ्यात दमट खोलीत हाउसिंग बंद केलं तर थंड पाण्यात डोमवर आतून धुकं धरतं. एसीच्या खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी टाका. विमानात मात्र हाउसिंग सीलबंद नेऊ नका. ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.