न्यूमोनियाच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचं चयापचय मोजताय? या चुका टाळा

'सर, मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नुसते पेटलेत,' म्हणत आमच्याकडची एक नवी विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. मी आलेख बाजूला ठेवला आणि ट्यूबच्या तळाशी बसलेली पेशींची गोळी दाखवायला सांगितलं. गोळी गुलाबी होती. तांबड्या पेशींना मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग, नसतात. त्या फक्त ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनविना साखर तोडण्यावर, जगतात आणि त्यातून तयार होणारं लॅक्टेट सतत सोडतात. पेटलेलं जे काही दिसत होतं, त्यातलं बरंचसं त्यांचंच होतं. गोळी पांढरी दिसेपर्यंत तांबड्या पेशी फोडा, धुवा, आणि मगच सीहॉर्सच्या, म्हणजे पेशींचा ऑक्सिजन-वापर आणि आम्लता मोजणाऱ्या यंत्राच्या, प्लेटकडे वळा.

पण खरा घोळ त्याच्याही आधी, वॉर्डात सुरू होतो. रक्त काढलं म्हणून पेशी काही उपाशी बसत नाहीत. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते, आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या रुग्णात त्याहून झपाट्याने. सिस्टर 8 वाजता रक्त काढतात आणि वॉर्डातले मामा बाकीच्या सॅम्पलांसोबत ते 11 वाजता आणून देतात. निरोगी माणसाचं रक्त मात्र आपण लॅबमध्येच काढतो आणि दहा मिनिटांत फिकॉलवर, म्हणजे घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर, चढवतो. मग दोघांत फरक दिसला तर नवल काय! रुग्णाचं सॅम्पल लवकर मिळणार नसेल, तर निरोगी माणसाची ट्यूबही तितकाच वेळ तशीच टेबलावर राहू द्या. रक्तातलं लॅक्टेट मोजायचं असेल तर राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब वेगळी घ्या. त्या ट्यूबमधल्या पेशी मात्र प्रयोगात वापरू नका, कारण फ्लोराइड ग्लायकोलिसिसमधलं एनोलेज हे एन्झाइमच अडवतं.

फिकॉलवरचा पांढरा थर म्हणजे निव्वळ लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, हे निरोगी रक्तापुरतं बरंचसं खरं आहे. गंभीर न्यूमोनियात लिम्फोसाइट घटतात आणि हलक्या घनतेचे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) त्या थरात येऊन बसतात. रक्त जुनं झालं तरी तसंच होतं. न्यूट्रोफिल मुख्यतः ग्लायकोलिसिसवरच चालतात, त्यामुळे एकाही पेशीचं चयापचय बदललेलं नसताना सरासरी सरकते. म्हणून सीडी14 ही मोनोसाइटच्या पृष्ठभागावरची खूण वापरून ते वेगळे करा, आणि वेगळे केल्यावर फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, एकदा तपासा. किटच्या डब्यावर छापलेल्या शुद्धतेवर विसंबू नका.

सीहॉर्सवर माध्यमाची आम्लता वाढली म्हणजे लॅक्टेट वाढलं, हा हिशोबही कच्चा आहे. मायटोकॉन्ड्रियातून निघणारा कार्बन डायऑक्साइडसुद्धा माध्यम आंबट करतो. शेवटी ग्लायकोलिसिस रोखणारं 2-डीजी घालून आम्लता किती उतरते ते बघा, नाहीतर सरळ लॅक्टेट मोजा.

आता केस पेपर. आमच्याकडे तो सगळ्यात कमी वाचला जातो. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन बनणं रोखतं. मधुमेहाच्या रुग्णाला चालू असलेलं मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतलं कॉम्प्लेक्स-1 दाबतं. स्टेरॉइडचा प्रश्न तर आता आणखी वाढलाय. 2023 साली फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिल्यावर 28 दिवसांतले मृत्यू 11.9 टक्क्यांऐवजी 6.2 टक्के दिसले, त्यामुळे ते लवकर सुरू करण्याकडे कल आहे. पहिल्या डोसच्या आधीचं आणि नंतरचं सॅम्पल एकाच गटात टाकलंत, तर तुम्ही न्यूमोनिया मोजताय की स्टेरॉइड, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

'आजाराचा कितवा दिवस' हा रकानाही भरा, आणि तो लक्षणं सुरू झाल्यापासून मोजा. भरती होण्याआधी कोणी दोन दिवस घरी काढतं, कोणी आठ. पुस्तकात वाचलेलं असतं की सक्रिय पेशी ग्लायकोलिसिसकडे वळते, आणि उंदराच्या मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पेशीला) एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला एक घटक, दिलं की ते छान दिसतंही. पण 2016 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांत दाखवलं, की प्रतिकारशक्ती लुळी पडल्यावर पेशींचं ग्लायकोलिसिस आणि श्वसन दोन्ही खालावतात. त्यामुळे सपाट रेघ आली की लगेच प्रयोग फसला असं धरू नका. जिवंत पेशींचं प्रमाण आणि मोजणी ठीक असेल, आणि एफसीसीपीची (श्वसन कमाल वेगाने चालवून बघण्यासाठी घालायच्या रसायनाची) मात्रा रुग्णाच्या पेशींवर वेगळी ठरवलेली असेल, तर ती रेघ खरी असू शकते.

माध्यमाचंही तसंच. पेशी वाढवायच्या नेहमीच्या आरपीएमआय माध्यमात लिटरला 2 ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एवढी साखर रिपोर्टवर दिसली तर डॉक्टर आधी मधुमेह बघतील, आणि आपण मात्र 'सामान्य स्थिती' म्हणून पेशी त्यात रात्रभर ठेवतो. फुफ्फुसाच्या वायुकोशांतल्या द्रवात तर साखर रक्ताच्या कितीतरी खाली असते. म्हणून 5 मिलिमोल ग्लुकोजवरचा, म्हणजे साधारण निरोगी रक्ताइतक्या साखरेचा, एक संच लावाच, आणि रक्तातल्या मोनोसाइटवरून वायुकोशातल्या मॅक्रोफेजबद्दल काही लिहायचं असेल, तर ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) होणाऱ्या रुग्णाचं उरलेलं लॅव्हेज, म्हणजे फुफ्फुस धुऊन काढलेला द्रव, अर्थातच संमतीने आणि नीतिसमितीच्या परवानगीने, मिळतं का ते आधी विचारा.