तारा निघाल्यावर दात वेगळेच लागतायत? असं जुळवून घ्या

डॉक्टरांच्या खुर्चीतून उठण्याआधीच जीभ कामाला लागते. दातांवरून फिरते आणि चक्रावते: दात गुळगुळीत, खरं तर बुळबुळीतच, आणि कुणीतरी मोठे करून बसवलेत असे. ओठही आत ओढल्यासारखे वाटतात, कारण ब्रॅकेट्सनी, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी, त्यांना इतके दिवस पुढे रेटून धरलं होतं. हे सगळं काही दिवसांत आपोआप निवळतं, त्याच्यासाठी काहीच करावं लागत नाही. बाकीच्या गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावं लागतं, ते असं.

१. उठण्याआधी जिभेने तपासणी करा

ब्रॅकेट ज्या सिमेंटने चिकटवलेला असतो, ते डॉक्टर यंत्राने घासून काढतात आणि मग पॉलिश करतात. तरी एखादा कण राहून जाऊ शकतो. एकेका दाताच्या मध्यभागी जीभ फिरवा. कुठे खरखरीत लागलं तर तिथल्या तिथे सांगा. घरी आल्यावर लक्षात आलं तर नखाने किंवा पिनेने खरवडत बसू नका, इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणावर, ओरखडे पडतील. डॉक्टरांचं ते दोन मिनिटांचं काम आहे.

२. दात किंचित हलतायत? हलवून बघू नका

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ पडदा असतो आणि दात त्यात जणू टांगलेला असतो. तारांनी दात सरकवले की हा पडदा रुंदावतो, म्हणून सुरुवातीला दात जरासे सैल लागतात. वरचे-खालचे दातही एकमेकांवर नीट बसत नाहीत. ते हळूहळू आपली जागा धरतात. पहिले काही दिवस मऊ खा, कडक पदार्थ पुढच्या दातांनी तोडू नका. आणि बोटाने हलवून ‘अजून हलतोय का’ हे पाहण्याचा मोह आवरा. सैलपणा कमी होण्याऐवजी वाढत गेला, तर मात्र दाखवून घ्या.

३. गार लागल्यावर झणझणत असेल तर

इतके दिवस झाकलेला भाग उघडा पडतो, म्हणून गार-गरम लागणं स्वाभाविक आहे. मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा. तिचा गुण यायला रोजच्या वापराचे २ ते ४ आठवडे लागतात. दोन दिवसांत ट्यूब बदलू नका. ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. एकाच दातात कळ येत असेल, किंवा गार लागून गेल्यावरही बराच वेळ ठणकत असेल, तर पेस्टवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा.

४. हिरड्या आणि पांढरे डाग

तारांभोवती ब्रश नीट फिरत नाही, त्यामुळे हिरड्या सुजलेल्या असतात. आता वाट मोकळी आहे: ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, सुरू करा. सुरुवातीला थोडं रक्त येईल, म्हणून फ्लॉस सोडू नका. दोन आठवड्यांनीही येत राहिलं, तर दात साफ करून घ्या.

काही दातांवर ब्रॅकेटच्या चौकोनाभोवती खडूसारखे पांढरे डाग दिसतात. तिथे साचलेल्या थरातल्या आम्लाने इनॅमलमधली खनिजं निघून गेलेली असतात. लाळ आणि फ्लोराइडमुळे काही डाग पुढच्या महिन्यांत फिके होतात, सगळेच होत नाहीत. दात पांढरे करून घ्यायची घाई मात्र नको. आधीच झणझणणाऱ्या दातांना ब्लीचिंगचा आणखी त्रास होतो.

५. रिटेनर: खरं काम इथे सुरू होतं

रिटेनर म्हणजे तारा निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी रुळायला साधारण ३ ते ४ महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू त्याहून हट्टी. ते वर्षभर किंवा जास्तही दात जुन्या जागेकडे ओढत राहतात. ‘एक रात्र नाही घातला तर काय होतंय’ या विचारानेच बऱ्याच जणांचे दात परत फिरतात. किती तास घालायचा हे डॉक्टर सांगतील तेच धरा, मैत्रिणीच्या रिटेनरचं वेळापत्रक तुमचं नव्हे.

सुरुवातीला लाळ जास्त सुटते, ‘स’ आणि ‘श’ घसरतात. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा, जीभ लवकर शिकते. रिटेनर बोटांनी दाबून बसवा. दात चावून बसवला तर तडा जातो. धुवायला गार पाणी, कारण गरम पाण्याने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. जेवताना काढला की थेट डबीत. टिश्यूत गुंडाळलेला रिटेनर हमखास कचऱ्यात जातो, आणि घरात कुत्रा असेल तर टेबलावरचाही सुरक्षित नाही.

रिटेनर म्हणून दातांच्या मागे पक्की तार चिकटवली असेल, तर तिच्याखालून फ्लॉस ओवायला थ्रेडर घ्या. एखाद्या दातावरून ती सुटली तरी ती जागची हलत नाही, म्हणून कळत नाही. अधूनमधून जीभ फिरवून बघत जा.

रिटेनर घट्ट वाटला, तर दात थोडे सरकलेत. तरीही नीट बसत असेल तर घालत राहा आणि डॉक्टरांना कळवा. बसतच नसेल तर जबरदस्ती करू नका. हरवला किंवा तुटला, तर त्याच दिवशी फोन करा. तुमच्या दातांचा जुना साचा क्लिनिकमध्ये असला, तरी उशीर झाल्यावर त्यावरून केलेला रिटेनर तुमच्या दातांना बसेलच असं नाही.