थंडीतला मसाल्याचा चहा: किती यापेक्षा केव्हा

थंडी पडली की चहात मसाला टाकताना हात आपोआप सैल सुटतो. आले थोडे जास्त, मिरी थोडी जास्त, लवंगही एखादी वर, असे करता करता पातेल्यात जे तयार होते त्याला चहा म्हणावे की काढा, असा प्रश्न पडतो. वर्षानुवर्षे रोज हा उद्योग केल्यावर माझे मत असे झाले आहे की, चव बहुतेक वेळा प्रमाणामुळे बिघडत नाही, ती क्रमामुळे बिघडते. दालचिनीला जेवढे उकळावे लागते तेवढे वेलची उकळली तर तिचा सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात फिरतो आणि कपात फक्त टरफले उरतात. म्हणून कोणता पदार्थ कधी पडावा, हे आधी पाहू.

दोन मोठ्या कपांसाठी २५० मिलिलिटर पाणी आणि १५० मिलिलिटर दूध घ्यावे. अर्धा इंच दालचिनी, मिरीचे तीन दाणे आणि एक लवंग खलबत्त्यात जेमतेम फुटतील इतपत ठेचून गार पाण्यातच घालावी, पाण्याला उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे आणि चार-पाच मिनिटे जाऊ द्यावीत. साल, दाणे आणि कळ्या कठीण असतात, त्यांना हा वेळ लागतोच. त्यानंतर इंचभर आले ठेचून घालून आणखी तीन मिनिटे उकळावे. मग दोन लहान चमचे दाणेदार चहापूड घालून दोन मिनिटे, आणि त्यानंतर गरम केलेले दूध घालून एक-दोन उकळ्या काढाव्यात. दोन वेलच्या सालासकट ठेचून अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालाव्यात आणि मिनिटभर झाकून ठेवून मग चहा गाळावा. साखर केव्हाही घातली तरी चालते, गूळ मात्र गाळल्यावर कपात घालणे चांगले, कारण उकळत्या दुधात तो पडला तर दूध फाटण्याची शक्यता असते.

दूध फाटण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे आले. ताज्या आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि कच्चे आले कोमट दुधात पडले की ते दुधातल्या प्रथिनांवर काम सुरू करते. पाण्यात काही मिनिटे चांगले उकळले की हे विकर निकामी होते. घाईच्या सकाळी दूध, पाणी, आले सगळे एकदम चढवून चहाऐवजी चोथापाणी गाळण्याचा अनुभव मी एकापेक्षा जास्त वेळा घेतला आहे, आणि दर वेळी दोष बिचाऱ्या दुधाला दिला आहे.

ताजे आले आणि सुंठ एकमेकांच्या जागी सरसकट वापरू नयेत. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे रूपांतर शोगाओल या दुसऱ्या द्रव्यामध्ये होते, आणि शोगाओल अधिक तिखट असते. त्यामुळे सुंठेचा झणका घशात उतरतो, तर ताज्या आल्यात तिखटपणाबरोबर लिंबासारखा एक ताजा वासही असतो. सुंठ वापरायची तर दोन कपांना पाव लहान चमचा पुरे होतो. थंडीत आले-मिरीच्या चहाने ‘ऊब येते’ असे आपण म्हणतो, त्यालाही आधार आहे. जिंजेरॉल आणि मिरीतले पायपरीन हे तिखट द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांनाच चेतवतात, म्हणून तोंडाला आणि घशाला चहा त्याच्या खऱ्या तापमानापेक्षा गरम वाटतो.

दालचिनी घेताना ती हातात धरून नीट पाहावी. जाड, कडक, एकाच थराची साल असेल तर ती बहुधा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल. कागदासारख्या पातळ थरांची, सहज चुरडणारी गुंडाळी असेल तर ती श्रीलंकेची खरी दालचिनी. कॅशियात कूमरिन हे सुगंधी द्रव्य लक्षणीय प्रमाणात असते आणि ते जास्त काळ जास्त प्रमाणात पोटात गेले तर काही जणांच्या यकृताला अपाय करू शकते, म्हणून रोजच्या चहासाठी दुसरी बरी. दालचिनीची पूड चहात बुळबुळीत होते, तेव्हा तुकडाच वापरावा. ज्येष्ठमधाबद्दलही एक सावधगिरी बाळगावी: घसा बसल्यावर एक-दोन दिवस ठीक, पण रोज घेतल्यास तो रक्तदाब वाढवू शकतो.

तयार चहा मसाला हवा असेल तर दोन चमचे सुंठ, एक चमचा वेलचीदाणे, अर्धा-अर्धा चमचा मिरी आणि दालचिनी, पाव चमचा लवंग आणि चिमूटभर जायफळ एकत्र दळावे आणि कपामागे एक चिमूट वापरावे. एका वेळी पंधरा दिवसांपुरताच करावा, कारण पूड केली की सुगंधी तेले झपाट्याने उडू लागतात. चहापूड मात्र मसाल्यांपासून दूर ठेवावी. ती शेजारचा वास फार लवकर ओढून घेते. याच खोडीचा फायदा घेऊन वेलचीची रिकामी टरफले मुद्दाम चहाच्या डब्यात टाकून ठेवता येतात.

पानांना आधीच सुगंध दिलेले चहा ही निराळी जात आहे आणि त्यांना पातेल्यात उकळू नये. मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांचा जो चहा मिळतो, त्यात रात्री उमलणाऱ्या कळ्या पानांमध्ये मिसळून ठेवतात, सकाळी फुले वेगळी करतात आणि चांगल्या प्रतीसाठी हे पुन्हा पुन्हा करतात. इतक्या कष्टाने मुरवलेला वास खळखळत्या उकळीने घालवणे हा मला अन्याय वाटतो. अर्ल ग्रेमध्ये काळ्या चहाला बर्गमॉट या फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिलेला असतो. त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे. हिरव्या चहावर बेतलेला प्रकार असेल तर पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअस हवे. तापमापक नसल्यास तीन भाग उकळते आणि एक भाग साधे गार पाणी मिसळले की साधारण तेवढे तापमान मिळते. हा चहा दोन मिनिटांत गाळावा, नाहीतर तो कडू होतो.

अशा चहात दूध घालावे का? अर्ल ग्रेला थोडे चालते, फुलांच्या हिरव्या चहाला नाही. दुधातले केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवते. कडक चहाला हे उपकारक ठरते, पण नाजूक चहाची चवच त्यात हरवते. लिंबू पिळायचे तर दूध नकोच आणि रसही चहा गाळल्यावरच घालावा. लिंबाने रंग एकदम फिका पडतो तो आम्लतेमुळे, चहा पातळ झाला म्हणून नव्हे. गवती चहा आणि पुदिना यांनाही वेलचीचाच नियम लावावा, म्हणजे गॅस बंद करून झाकण.

थंडीमुळे काही बारीक गोष्टी बदलतात. गार किटली आणि गार कप पहिल्याच क्षणी चहातली बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून दोन्ही आधी गरम पाण्याने विसळून घ्यावेत. उंच डोंगरावर असाल तर पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटर उंचीमागे साधारण एक अंशाचा फरक पडतो, त्यामुळे तिथे चहा मिनिटभर जास्त मुरू द्यावा. गारठ्यात वाफाळता चहा लगेच ओठाला लावण्याचा मोह होतो, पण जरा थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. शिवाय जीभ पोळल्यावर वेलची काय आणि लवंग काय, सारखेच.

थर्मासमध्ये न्यायचा असेल तर चहा पूर्ण गाळून, बिनदुधाचा आणि थोडा कडक भरावा व दूध ऐन वेळी घालावे. पाने किंवा आल्याचे तुकडे आत राहिले तर तासाभरात कडवटपणा येतो. जेवणाबरोबर मात्र चहा टाळावा, कारण अन्नातले लोह शोषले जाण्यात तो अडथळा आणतो. तासाभराचे अंतर पुरे. आणि रात्री उशिरा हुडहुडी भरली तर वरच्याच कृतीतून चहापूड वगळावी. दालचिनी, आले, वेलची आणि दूध एवढ्यावर कप छान जमतो. चहाचा रंगही हवाच असेल तर रूइबॉस या दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपाची कॅफीन नसलेली पाने घालून पाच मिनिटे झाकून ठेवावीत, ती जास्त वेळ मुरली तरी कडू होत नाहीत.